मॅग्नेशियमची बाटली आणि मोबाइलमधले गणित

वाचकाचे पत्र

मी मूळची कोल्हापूरची असून गेले दीड वर्ष पुण्यातील एका संशोधन संस्थेत, रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, प्रकल्प साहाय्यक म्हणून काम करते. माझ्या मोबाइलवर प्रयोगशाळेच्या कामासाठी घेतलेली अकरा ॲप्स आहेत. दोन महिन्यांपूर्वी किटबरोबर आलेले मॅग्नेशियम क्लोराइड संपले, म्हणून मी एका ॲपवर मोलॅरिटीचे (द्रावणाच्या तीव्रतेचे) गणित करून ४.७६ ग्रॅम वजन केले आणि ५० मिलिलिटर एक मोलर द्रावण तयार केले. त्यानंतर तीन आठवडे माझ्या एकाही पीसीआरला (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती करणाऱ्या अभिक्रियेला) जेलवर डीएनएची पट्टी, म्हणजे बँड, आला नाही. सीनियरने नवे द्रावण करून दिल्यावर सगळे सुरळीत झाले. पण चूक नेमकी कुठे झाली हे मला कोणी नीट समजावले नाही. सरांनी मात्र ‘यापुढे बेंचवर मोबाइल दिसता कामा नये’ असे सांगितले. माझे टायमर, जेलचे फोटो, पेपरचे वाचन, सगळे मोबाइलवरच चालते. सरांचे म्हणणे योग्य आहे का? आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्याने खरोखर कोणती ॲप्स ठेवावीत?

उत्तर

आपल्या तीन आठवड्यांच्या हेलपाट्याबद्दल वाईट वाटले. त्याहून वाईट वाटले ते याचे, की चुकीमागचे कारण आपल्याला कोणी बसवून सांगितले नाही. म्हणून आधी त्या बाटलीचा हिशेब पूर्ण करू. ॲप्सविषयीच्या आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या हिशेबातच आहे.

आपण ॲपमध्ये मॅग्नेशियम क्लोराइड असे नाव निवडले असणार आणि ॲपने त्याचा रेणुभार ९५.२१ धरला असणार. हा आकडा निर्जल मॅग्नेशियम क्लोराइडचा आहे आणि त्यावरून ५० मिलिलिटर एक मोलर द्रावणासाठी ४.७६ ग्रॅम हे उत्तर बरोबर येते. परंतु प्रयोगशाळांच्या कपाटात सहसा जी बाटली असते, ती हेक्झाहायड्रेटची असते. म्हणजे त्या स्फटिकातील प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे सहा रेणू बांधलेले असतात आणि त्याचा रेणुभार २०३.३० असतो. त्या बाटलीतून आपल्याला १०.१७ ग्रॅम घ्यायला हवे होते. आपण ४.७६ ग्रॅम घेतले, त्यामुळे एक मोलर असे लिहिलेल्या त्या बाटलीत प्रत्यक्षात ०.४७ मोलरच्या आसपास द्रावण तयार झाले.

आता पीसीआरच्या नळीत काय झाले ते पाहा. आपण १.५ मिलीमोलर मॅग्नेशियम हवे म्हणून द्रावण घातले, तेव्हा नळीत सुमारे ०.७ मिलीमोलरच पोहोचले. चारही डीएनटीपी (नवे डीएनए ज्यांपासून बनते ते सुटे घटक) प्रत्येकी ०.२ मिलीमोलर, म्हणजे एकूण ०.८ मिलीमोलर, या नेहमीच्या प्रमाणात असतील, तर ते मॅग्नेशियमला जवळजवळ एकास एक या प्रमाणात बांधून ठेवतात. म्हणजे जेवढे मॅग्नेशियम आपण घातले, त्याहून अधिक डीएनटीपी ते पकडून ठेवायला तिथे हजर होते आणि पॉलिमरेजला (डीएनए जोडणाऱ्या एन्झाइमला) कामासाठी लागणारे मोकळे मॅग्नेशियम जवळपास उरलेच नाही. द्रावण निम्म्याहून थोडे कमी पडले तर बँडही निम्मा फिका दिसेल असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. इथे मात्र तो पूर्णच नाहीसा झाला, त्याचे कारण हे आहे.

यात ॲपने गणित चुकवलेले नाही. त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता आणि बाटलीवरचे लेबल त्याला दिसत नव्हते. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की मोलॅरिटीचे कोणतेही ॲप वापरा, पण त्यात रसायनाचे नाव निवडू नका. रेणुभाराच्या चौकटीत हातातल्या बाटलीच्या लेबलवरचा आकडा स्वतः टाइप करा. ज्या ॲपमध्ये ही सोय नाही, ते आजच काढून टाका. हीच अडचण कॉपर सल्फेटमध्ये येते, कारण निर्जल रूपाचा रेणुभार १५९.६१ आणि निळ्या पेंटाहायड्रेटचा २४९.६९ आहे. डायसोडियम फॉस्फेट तर बाजारात निर्जल, सात रेणू पाण्याचे आणि बारा रेणू पाण्याचे अशा तिन्ही रूपांत मिळते आणि त्यांचे रेणुभार अनुक्रमे १४१.९६, २६८.०७ आणि ३५८.१४ आहेत. शिवाय मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील ओलावा भराभर शोषते. पावसाळ्यात अनेकदा उघडलेल्या, आत गोळे झालेल्या जुन्या बाटलीतून वजन करून केलेल्या द्रावणावर, हिशेब बरोबर असला तरी, मी विसंबणार नाही. जिथे अचूकता महत्त्वाची आहे तिथे तयार प्रमाणित द्रावण विकत घेणे स्वस्त पडते.

आपल्या अकरा ॲप्सपैकी निदान चार-पाच कॅल्क्युलेटर असतील असा माझा अंदाज आहे. त्यांतले एक ठेवा आणि ते ठेवण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्या. आपण कागदावर सोडवलेली तीन उदाहरणे त्याला घाला. ५८.४४ रेणुभाराचे मीठ घेऊन ५ मोलरचे ५०० मिलिलिटर द्रावण करायचे, तर १४६.१ ग्रॅम हे उत्तर आले पाहिजे. सेंट्रीफ्यूजसाठी रोटरची त्रिज्या १० सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १०,००० फेरे दिले, तर ११,१८० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतके पट बल) आले पाहिजे. हे सूत्र सोपे आहे, १.११८ गुणिले दहाचा उणे पाचवा घात, गुणिले सेंटिमीटरमधील त्रिज्या, गुणिले मिनिटाच्या फेऱ्यांचा वर्ग. तोच वेग ठेवून त्रिज्या ७ सेंटिमीटर केली, तर ७,८२६ जी मिळते. इतका फरक पडतो म्हणूनच दुसऱ्या प्रयोगशाळेची ‘दहा हजारावर दहा मिनिटे’ ही कृती आपल्या यंत्रावर जशीच्या तशी चालत नाही. आपल्या रोटरची त्रिज्या त्याच्या माहितीपुस्तिकेत असते. ती एकदा शोधून यंत्राच्या झाकणावर चिकटवून ठेवली, तर या एका गणितासाठी कोणाला मोबाइल काढावाच लागणार नाही.

प्रायमरच्या (पीसीआरची सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याच्या) वितळण तापमानाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ॲप्सवरचा आंधळा विश्वास सर्वांत जास्त इथे नडतो. वीस अक्षरांचा एक प्रायमर घ्या, ज्यात दहा अक्षरे जी किंवा सी आणि दहा ए किंवा टी आहेत. प्रत्येक ए-टीला दोन अंश आणि प्रत्येक जी-सीला चार अंश या जुन्या नियमाने त्याचे तापमान ६० अंश येते. थोड्या लांब प्रायमरसाठी वापरले जाणारे दुसरे परिचित सूत्र त्याच प्रायमरला सुमारे ५१.८ अंश देते. प्रायमर तोच, मोबाइल तोच, आणि उत्तरांत आठ अंशांचे अंतर. यातले कोणते सूत्र आपल्या ॲपच्या पोटात बसवले आहे हे ॲप सांगत नसेल, तर त्याने दिलेला आकडा अंदाजापलीकडे उपयोगाचा नाही. शेजारशेजारच्या अक्षरांच्या जोड्या विचारात घेणारी आणि मिठाचे व प्रायमरचे प्रमाण विचारणारी पद्धत अधिक भरवशाची आहे. त्यातही पॉलिमरेज कोणते आणि त्याचा बफर कोणता यावर ॲनिलिंगचे (प्रायमर डीएनएला चिकटण्याचे) तापमान बदलते. म्हणून मी वेगळे ॲप न घेता, ज्या कंपनीचे एन्झाइम वापरायचे तिच्याच संकेतस्थळावरील कॅल्क्युलेटर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडण्याचा सल्ला देईन. उदाहरणार्थ न्यू इंग्लंड बायोलॅब्सचा टीएम कॅल्क्युलेटर आधी एन्झाइम विचारतो आणि मगच तापमान सांगतो. तरीही नवा प्रायमर आला की एकदा ग्रेडियंट पीसीआर (एकाच वेळी अनेक तापमानांवर चालवलेला पीसीआर) लावून पाहणे टाळू नका.

टायमरचा उल्लेख आपण ओघात केला आहे, पण मोबाइलचा बेंचवरचा खरा उपयोग हाच आहे असे मला वाटते. यासाठी वेगळे ॲप घेण्याची गरज नाही. अँड्रॉइडच्या गुगल क्लॉकमध्ये नाव दिलेले अनेक टायमर एकाच वेळी लावता येतात आणि आयफोनवरही २०२३मध्ये आलेल्या आयओएस १७पासून ही सोय आहे. ‘पहिली धुलाई’, ‘दुसरे प्रतिपिंड’, ‘जेल बंद’ अशी नावे दिली की तिसरा टायमर वाजल्यावर तो कशाचा होता हे आठवत बसावे लागत नाही. बाहेरून घेतलेल्या टायमर ॲप्सबाबत एक धोका लक्षात ठेवा. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड पडद्यामागे चालणारी ॲप्स झोपवते. ही व्यवस्था २०१५च्या अँड्रॉइड ६पासून आहे आणि काही उत्पादक ती आणखी कडक करतात. त्यामुळे चाळीस मिनिटांचा टायमर पडदा बंद असताना वाजतच नाही असे घडू शकते. दुसरे कोणते ॲप वापरायचेच असेल, तर त्याला बॅटरीच्या मर्यादेतून वगळा आणि महत्त्वाच्या प्रयोगाआधी तासाभराची कोरडी चाचणी घ्या.

आता अशा एका ॲपकडे येतो, जे मी प्रत्येक प्रयोगशाळेत असावे असे मनापासून म्हणेन. जर्मनीतील आखेन येथील आरडब्ल्यूटीएच विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी तयार केलेले फायफॉक्स हे ॲप २०१६पासून विनामूल्य उपलब्ध आहे. मोबाइलच्या आत त्वरण, चुंबकीय क्षेत्र, प्रकाश, ध्वनी आणि काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारे संवेदक असतातच. फायफॉक्स त्यांचे आकडे जसेच्या तसे दाखवते, साठवते आणि तक्त्याच्या फाइलमध्ये बाहेर काढून देते. ते भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहे असा समज आहे, पण आपल्यासारख्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याचा एक फार चांगला उपयोग होतो. आपला शेकर (जिवाणू वाढवण्याचे फ्लास्क हलवत ठेवणारे यंत्र) मिनिटाला १८० फेरे दाखवतो, पण तो खरोखर तेवढा फिरतो का? मोबाइल शेकरच्या पाटावर रुंद चिकटपट्टीने घट्ट बसवा, त्वरणाच्या वर्णपटाचा प्रयोग सुरू करा आणि शेकर चालू करा. १८० फेऱ्यांसाठी ३ हर्ट्झवर ठळक शिखर दिसले पाहिजे, ते २.६वर दिसले, तर आपला शेकर मिनिटाला सुमारे १५६ फेरेच फिरतो आहे. जुन्या शेकरचा पट्टा सैल झालेला असला की असा फरक पडू शकतो आणि जिवाणूंची वाढ कमी का होते याचे कारण माध्यमात शोधण्यात आठवडे जातात. एकाच वायफायवर असलेल्या संगणकाच्या ब्राउझरमधून हे आकडे दुरून पाहता येतात, त्यामुळे चालत्या शेकरवर वाकावे लागत नाही. एवढी काळजी घ्या, की ३७ अंशांवर तापलेल्या इन्क्युबेटरमध्ये मोबाइल ठेवू नये. ॲपल आपल्या फोनसाठी ३५ अंशांपर्यंतचेच तापमान सांगते. तापवणे बंद करून मोजणी करा. सेंट्रीफ्यूजच्या आत मोबाइल कधीही ठेवायचा नाही, हे सांगण्याची गरज नसावी.

आवाजाच्या बाबतीत अमेरिकेच्या निऑश या, कामगारांच्या सुरक्षिततेवर व आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेचे ध्वनिमापनाचे ॲप विश्वासार्ह आहे. त्याची अचूकता अधिक-उणे २ डेसिबल इतकी तपासलेली आहे, पण ते केवळ आयफोनवर चालते. इतर ध्वनिमापक ॲप्स कॅलिब्रेशन केल्याशिवाय फक्त तुलनेसाठी वापरावीत.

जेलच्या फोटोंबाबत मला आपल्याला थोडे थांबवायचे आहे. मोबाइलचा कॅमेरा डोळ्याला छान दिसेल असा फोटो काढण्यासाठी बनवलेला असतो. तो उजेड आपोआप कमी-जास्त करतो, कडा धारदार करतो, अनेक फोटो एकत्र जोडतो आणि शेवटी फाइल आकुंचित करून ठेवतो. या सगळ्यात बँडची तीव्रता आणि डीएनएचे प्रमाण यांतला संबंध बिघडतो. म्हणून ‘आज जेलवर काय दिसले’ याची आठवण म्हणून मोबाइलचा फोटो चालेल. पण ज्या जेलवरून आपण बँडची तुलना करणार आहात किंवा जी पेपरमध्ये जाणार आहे, तिची प्रतिमा जेल डॉक्युमेंटेशन यंत्रावरच घ्या, मूळ फाइल न बदलता ठेवा आणि मोजणी संगणकावर इमेजजेने करा. इमेजजे हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी १९९७मध्ये सुरू केलेले मोफत सॉफ्टवेअर आहे आणि मोबाइलवरचे कोणतेही जेल मोजणारे ॲप त्याची जागा घेऊ शकत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. मोबाइलवरचा फोटो दुसऱ्याला पाठवायचाच असेल, तर व्हॉट्सॲपवर तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो आकुंचित होतो आणि त्यासोबतची तारीख-वेळेची माहिती गळून पडते. आणि एक विनंती. यूव्ही ट्रान्सइल्युमिनेटरवर (जेलखालून अतिनील प्रकाश टाकणाऱ्या पेटीवर) वाकून मोबाइलने फोटो काढताना चेहऱ्यावर संरक्षक ढाल आहे का, बाही आणि हातमोज्याच्या मधली त्वचा झाकलेली आहे का, हे आधी पाहा. फोटो जमवण्याच्या नादात माणसे हे विसरतात आणि संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागल्यावर त्यांना ते आठवते.

नोंदवहीविषयी आपण काही विचारलेले नाही, तरी सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला तिथेच दिसते. आपल्या पत्रावरून असे वाटते, की त्या दिवशीचे गणित केवळ ॲपच्या पडद्यावर होते. नोंदवहीत ‘मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट, कंपनी, लॉट क्रमांक, रेणुभार, वजन’ अशी ओळ लिहिली असती, तर रेणुभार लिहितानाच विसंगती आपल्या नजरेला पडली असती. निदान सीनियरला तरी ती पाच मिनिटांत सापडली असती. ॲपने काढलेला प्रत्येक आकडा, त्यासाठी दिलेल्या आकड्यांसह, त्याच क्षणी नोंदवहीत गेला पाहिजे. औषधनिर्मिती क्षेत्रात नोंदींसाठी अल्कोआ हा निकष वापरतात: नोंद कोणी केली ते कळावे, ती वाचता यावी, काम चालू असतानाच केलेली असावी, मूळ असावी आणि अचूक असावी. पुढे आपण उद्योगात जाणार असाल, तर ही सवय तिथे पहिल्या दिवसापासून तपासली जाईल.

सगळ्या प्रयोगशाळेने मिळून इलेक्ट्रॉनिक नोंदवही वापरायचे ठरवले, तर गोष्ट वेगळी. पॅरिसच्या क्युरी संस्थेत सुरू झालेली ईलॅबएफटीडब्ल्यू ही मुक्त स्रोत प्रणाली संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते, मोबाइलच्या ब्राउझरवर उघडते आणि नोंदीवर वेळेचा शिक्का उमटवते. बेंचलिंगसारख्या सेवा वापरायला अधिक सुटसुटीत आहेत, पण तिथे आपला डेटा कंपनीच्या सर्व्हरवर राहतो. डीएनएचे अप्रकाशित क्रम आणि पेटंट होऊ शकणारे काम तिथे ठेवावे की नाही, हा निर्णय आपण एकट्याने न घेता सरांना आणि संस्थेला विचारून घ्या.

ॲप्स येतात तशी जातात, याचाही विचार करायला हवा. पेपर सांभाळणाऱ्या मेंडेलीची मोबाइल ॲप्स मार्च २०२१मध्ये बंद झाली. धोकादायक रसायनांची माहिती देणारे वायझर हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे उत्तम ॲप होते. तेही २०२३मध्ये मागे घेण्यात आले. आपल्याकडे तर कॅमस्कॅनरने नोंदवहीची पाने स्कॅन करून ठेवणारे असंख्य विद्यार्थी होते. ऑगस्ट २०१९मध्ये त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत घातक घटक सापडल्याने गुगलने ते काही काळ काढून टाकले आणि जून २०२०मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्ये तेही होते, शिवाय फाइली पाठवण्यासाठी सर्रास वापरली जाणारी शेअरइट आणि झेंडरही होती. ज्यांची स्कॅन केलेली पाने फक्त त्या ॲपच्या खात्यात होती, त्यांची मोठी धावपळ झाली. म्हणून कोणतेही ॲप घेताना पहिला प्रश्न हा विचारा, की यातला माझा डेटा साध्या पीडीएफ किंवा तक्त्याच्या फाइलमध्ये मला केव्हाही बाहेर काढता येतो का. स्कॅनिंगसाठी आता वेगळे ॲप लागतच नाही. अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्हमध्ये आणि आयफोनवर नोट्समध्ये ही सोय आहे.

वाचनासाठी झोटेरो पुरेसे आहे. ते ना-नफा संस्थेचे आहे, मुक्त स्रोत आहे, संगणकाबरोबर त्याची मोबाइल ॲप्सही आहेत आणि मोफत खात्यात ३०० मेगाबाइट जागा मिळते. आपली संस्था ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ या जानेवारी २०२५पासून सुरू झालेल्या योजनेत असेल, तर ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आपल्याला उघडता येतील; मोबाइलवरून त्यासाठी लॉगिन कसे करायचे ते ग्रंथपालांना विचारून घ्या.

रसायनांच्या सुरक्षिततेसाठी पबकेम हे अमेरिकी सरकारी संकेतस्थळ ब्राउझरवर ठेवा. त्यात प्रत्येक महत्त्वाच्या रसायनाच्या प्रयोगशाळेतील धोक्यांचा सारांश वेगळा काढून दिलेला असतो. तरी आपण रोज हाताळता त्या पंधरा-वीस रसायनांची उत्पादकाची सुरक्षा पत्रके पीडीएफ रूपात मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, कारण कोल्ड रूममध्ये आणि तळघरात नेटवर्क मिळत नाही आणि फिनॉल अंगावर सांडल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो. पेशी मोजण्यासाठी मात्र ॲप नको. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, हातमोजे घातलेल्या बोटांनी पडद्यावर नेमके टिचकी मारणे जमत नाही. अंगठ्याने दाबायचा साधा धातूचा गणक काही शे रुपयांत मिळतो आणि वर्षानुवर्षे टिकतो.

आता सरांच्या म्हणण्याकडे येऊ. ते म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि ते गणिताच्या चुकीशी फारसे संबंधित नाही. हातमोजे घालून आपण इथिडियम ब्रोमाइडची (डीएनए रंगवणाऱ्या घातक रंगद्रव्याची) जेल उचलतो, त्याच बोटांनी टायमर बंद करतो आणि जेवताना तोच मोबाइल उघड्या हाताने धरतो. मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत ऊतिसंवर्धनाच्या खोलीत होतो, तेव्हा मोबाइल नव्हते. पण खिशातल्या पेनामुळे आम्हाला वारंवार बोलणी खावी लागत आणि आज मला ती योग्यच वाटतात. किरणोत्सारी पदार्थांच्या जागी, ऊतिसंवर्धनाच्या हूडमध्ये आणि रोगजंतू हाताळण्याच्या खोलीत वैयक्तिक मोबाइल न्यायचाच नाही. एनएमआर या रेणूंची रचना तपासणाऱ्या यंत्राच्या चुंबकापासूनही तो दूर ठेवा, विशेषतः हेलियम भरणे चालू असताना. २०१८मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातील एका रुग्णालयात नव्या एमआरआय यंत्राच्या हेलियमची गळती झाली आणि चाळीसेक आयफोन व ॲपलची घड्याळे बंद पडली, कारण हेलियमचे अणू त्यांच्यातील वेळ राखणाऱ्या अतिसूक्ष्म भागात शिरले होते.

यावर मध्यम मार्ग असा, की सरांकडे प्रयोगशाळेचा म्हणून एक वेगळा फोन मागा. कोणाच्या तरी घरी पडून असलेला जुना अँड्रॉइड फोन पुरतो. त्यात सिम नको, कोणाचे वैयक्तिक खाते नको. फक्त वायफाय, घड्याळ, तपासून घेतलेला एक कॅल्क्युलेटर, फायफॉक्स, ब्राउझर आणि सुरक्षा पत्रकांचे एक फोल्डर. तो पारदर्शक झिपलॉक पिशवीत ठेवा. पातळ प्लास्टिकमधून पडदा व्यवस्थित चालतो आणि पिशवी रोज बदलता येते. तो फोन प्रयोगशाळेबाहेर जाणार नाही आणि आपला फोन बॅगेत राहील, असे आपणहून सांगा. बहुतेक गाइड या मागणीला नाही म्हणत नाहीत, कारण यात त्यांची काळजी मान्य केलेली असते.

सरांकडे जाण्यापूर्वी एक काम करायचे आहे आणि ते आजच करा. नोंदवहीतील त्या दिवसाच्या पानावर जुना आकडा खोडरबराने न पुसता एका रेघेने खोडा, शेजारी खरी तीव्रता ०.४७ मोलर आणि त्याचे कारण लिहा, तारीख घालून सही करा. मग फ्रिजमध्ये ती बाटली अजून आहे का ते पाहा. नवे द्रावण तयार झाले म्हणून जुने कोणी फेकलेले असेलच असे नाही, आणि एक मोलर असे लेबल असलेली ती बाटली त्या तीन आठवड्यांत दुसऱ्या कोणी वापरली असेल, तर त्याचाही पीसीआर फसला असेल आणि तो आजही प्रायमरला दोष देत बसला असेल. प्रत्येकाला जाऊन विचारा.